घर बघणं वेगळं, तपासणं वेगळं

गेल्या वर्षी घर घ्यायच्या खटाटोपात एक प्रश्न तीन आठवडे माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. बाहेरून बघणाऱ्याला तो अगदी किरकोळ वाटेल. पुण्यात, कर्वेनगरच्या आतल्या एका गल्लीत, १९९७ साली बांधलेल्या इमारतीतला टू बीएचके मला आवडला होता. बोलणी ८२ लाखांवर आली होती. टोकन द्यायच्या आधी एखादा इंजिनीअर आणून घर तपासून घ्यावं का? फी नऊ हजार रुपये. एवढाच प्रश्न.

"यात विचार कसला करतेस?" ऑफिसातली मैत्रीण म्हणाली. "हेडफोन घेताना तू आठवडाभर रिव्ह्यू बघत बसतेस."

खरं होतं. पण हेडफोन विकणाऱ्याने मला लहानपणी खांद्यावर बसवून लक्ष्मी रोडची मिरवणूक दाखवलेली नव्हती. हे घर विकणारे काका बाबांचे ऑफिसातले जुने सहकारी. तीस वर्षांची ओळख, दोन्ही घरांतलं दिवाळीचं ताट एकमेकांकडे जाणारं. काका निवृत्त झाले, मुलगा बंगळुरूला स्थायिक झाला, आता दोघं तिकडे निघाले होते. मध्ये एजंट नव्हता. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "परक्याला देण्यापेक्षा तू घेतलंस तर घर घरातच राहील."

आणि अशा माणसांना मी म्हणणार होते, की जरा थांबा, तुमच्या भिंती तपासायला माणूस आणते.

बाबांना हे पटेना. "माणसं बघून घर घ्यायचं असतं गं," ते म्हणाले. "भिंती काय, कुठल्याही घरात सारख्याच."

हे वाक्य मी हसण्यावारी नेऊ शकले असते. नेलं नाही, कारण डाउन पेमेंटमधले बारा लाख बाबांच्या पीएफमधून येणार होते. शिवाय त्यांच्या म्हणण्यात काहीतरी खरं आहे असंही वाटत होतं. प्रत्येक व्यवहारात पुरावा मागत सुटणारा माणूस शहाणा असेल, पण तो मला माझ्या शेजारी राहायला आवडेल का?

*

त्याच आठवड्यात एक गंमत झाली. मावशीने तिच्या ओळखीचे वास्तुशास्त्रवाले आणले. मला न विचारता, परस्पर. मी लाजेने अर्धमेली झाले होते. पण काकूंनी त्यांना चहा केला, पोहे केले. त्या गृहस्थांनी मोबाइलवर होकायंत्र काढून सगळं घर पालथं घातलं. ईशान्येला संडास आहे म्हणाले, स्वयंपाकाच्या ओट्याचं तोंड चुकलंय म्हणाले, बेडरूममध्ये दोष आहे म्हणाले. काका हसत हसत ऐकत होते. "आम्ही सत्तावीस वर्षं राहिलो, मुलगा इंजिनीअर झाला, आता आणखी काय पाहिजे?" असं म्हणाले, आणि पुढच्या वेळी चहाला या म्हणून त्यांना जिन्यापर्यंत सोडूनही आले.

कुणाचाही अपमान झाला नाही. एका अनोळखी माणसाने त्यांच्याच घरात उभं राहून त्यांच्या घरात तीन दोष काढले होते, तरी नाही.

दोन दिवसांनी मी इंजिनीअरचा विषय नुसता चाचपून बघितला, तर काकूंचा चेहरा उतरला. "का गं? आम्ही काही लपवलंय असं वाटतं का तुला?"

हा फरक कशामुळे पडला, यावर मी बराच विचार केला. मला सापडलेलं उत्तर असं. वास्तुदोष हा कुणाचाच दोष नसतो. दिशा चुकली तर बिल्डरचं नशीब, घेणाऱ्याचं नशीब, ग्रहांचं काहीतरी. त्यावर तांब्याचा पिरॅमिड ठेवला की विषय संपतो. ओल मात्र कुठून तरी येते. ती कुणाला तरी दिसलेली असते, कुणी तरी त्यावर पुट्टी मारून रंग दिलेला असतो, कुणी तरी दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकललेली असते. इंजिनीअर जे शोधतो त्याला कर्ता असतो. म्हणून त्याच्या नुसत्या येण्यातही आरोपाचा वास येतो.

वरून आपल्याकडे वास्तू तथास्तु म्हणते. घरात उभं राहून घराविषयी वाईट बोलू नये, हे लहानपणापासून ऐकलेलं. मग ज्याचं कामच वाईट काय ते बोलणं आहे, असा माणूस पैसे देऊन आत आणायचा म्हणजे जरा जडच.

*

तोवर या घराच्या दोन तपासण्या व्हायच्या ठरल्याच होत्या आणि त्यांना कुणाचीही हरकत नव्हती. बँकेचा वकील गेल्या तीस वर्षांची कागदपत्रं बघणार होता. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस येऊन फोटो काढून, टेप लावून जाणार होता. "बँक एवढं बघतेच की, मग वेगळं कशाला?" असं मला तिघांनी तरी विचारलं.

पण बँक स्वतःसाठी बघते. मी हप्ते थकवले तर हे घर विकून पैसे परत येतील का, हा तिचा प्रश्न. मालकी स्वच्छ असली आणि किंमत पुरेशी असली की तिचं समाधान होतं. पावसाळ्यात माझ्या अंथरुणावर पाणी टपकेल का, आंघोळीच्या गीझरला अर्थिंग आहे का, याच्याशी तिला कर्तव्य नाही, आणि त्यात तिची चूकही नाही. वकील कागद बघतो, बँक किंमत बघते, मावशी दिशा बघते. ज्या छपराखाली झोपायचं ते छप्पर या रांगेत कुणाच्याच वाट्याला आलेलं नव्हतं.

पैशांचा हिशोबही मी मांडून बघितला. पुण्यात बाईच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सवलत धरून मुद्रांक शुल्क सहा टक्के. म्हणजे ८२ लाखांवर जवळपास पाच लाख. नोंदणीचे तीस हजार. त्यापुढे नऊ हजार म्हणजे हजाराला एक रुपया. तेव्हा पैसे वाचवण्यासाठी मी टाळतेय, ही सबब पहिल्याच दिवशी निकालात निघाली. काकूंना वाईट वाटेल ही सबब खरी होती, पण तीही पुरती खरी नव्हती. हे मला जरा उशिरा कळलं.

*

इंग्लंडमध्ये विल्यम क्लिफर्ड नावाचा एक गणितज्ञ होऊन गेला. १८७७ साली त्याने एक निबंध लिहिला. विषय होता, विश्वास ठेवण्यातही नीती-अनीती असते का? त्याची सुरुवात तो एका जहाजमालकाच्या गोष्टीने करतो. जहाज जुनं आहे, मुळातच फारसं मजबूत नाही, अनेकदा दुरुस्त झालेलं आहे. परदेशी कायमचं राहायला निघालेली कुटुंबं त्यातून जायची आहेत. मालकाच्या मनात शंका येते, की एकदा नीट तपासून, डागडुजी करून मगच सोडावं. पण त्यात खर्च आहे. मग तो स्वतःची समजूत घालतो. इतक्या सफरी झाल्या, इतकी वादळं झेलली, याही वेळी येईल परत. देव या गरीब बिचाऱ्यांना सांभाळेलच. हळूहळू त्याला हे मनापासून पटतं. जहाज सुटतं, भर समुद्रात बुडतं, आणि मालक विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो.

क्लिफर्डचं म्हणणं असं, की मालकाचा विश्वास प्रामाणिक होता ही सबब चालणार नाही. तो विश्वास त्याने तपासून कमावलेला नव्हता, शंका दाबून मिळवलेला होता. क्लिफर्ड याच्याही पुढे जातो. समजा जहाज बुडालं नसतं, सुखरूप पोहोचलं असतं, तर? तरीही मालक तितकाच दोषी. फक्त तो पकडला गेला नसता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते फार कडक वाटलं होतं. कॉलेजात होते, कुणाचं काही बुडवायची वेळ आली नव्हती. आता घराच्या निमित्ताने ते परत आठवलं, आणि मी त्या जहाजमालकाच्या जागी काकांना ठेवून बघायला लागले. मग लक्षात आलं, की मालकाची सगळी वाक्यं माझ्याच तोंडी आहेत. सत्तावीस वर्षं उभी आहे इमारत. इतके पावसाळे झेललेत. चांगली माणसं आहेत. काही नाही होत.

कारण खरं सांगायचं तर मी त्या घराच्या प्रेमात पडले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून सोनचाफ्याचं झाड आहे. माझं टेबल कुठे ठेवायचं हे ठरलं होतं, पडद्यांचे फोटो सेव्ह करून झाले होते. इंजिनीअर आला आणि नको म्हणाला तर? काकूंच्या मनाची काळजी मी आडोशासारखी वापरत होते. तिच्या मागे माझी स्वतःची भीती लपली होती: मला ऐकायचंच नव्हतं.

*

क्लिफर्डला उत्तर देणारेही होते. अमेरिकेतल्या विल्यम जेम्सने १८९६ मध्ये म्हटलं, की काही निर्णय पुरावा पुरता हाती येईपर्यंत थांबवता येत नाहीत. मैत्री, प्रेम, श्रद्धा यांत आधी विश्वास टाकावा लागतो, मगच पुढचं घडतं. समोरच्याने आधी आपली लायकी सिद्ध करावी असं म्हणत बसणाऱ्याची कुणाशीच मैत्री होणार नाही. बाबांचं 'माणसं बघून घर घ्यावं' हे या बाजूचं म्हणणं आहे, आणि मला ते मोलाचं वाटतं. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपण म्हणतोच. काही गोष्टी त्यात उतरल्याशिवाय कळत नाहीत.

पण जेम्सची मुभा जिथे पुरावा मिळणंच शक्य नाही अशा जागेसाठी आहे. काका माझ्याशी कायम चांगले वागतील का, याचा पुरावा नाही. तिथे मी डोळे मिटून विश्वास टाकेन. बेडरूमच्या स्लॅबमध्ये ओल आहे का, याचा पुरावा मात्र आहे, शिडीवर चढून अर्ध्या दिवसात मिळण्यासारखा. तिथेही मी "माझा काकांवर विश्वास आहे" म्हणाले, तर मी एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याच प्रश्नाला देतेय. काकांचा चांगुलपणा सळईला गंजण्यापासून वाचवू शकत नाही.

मग मला आजोबांचं गावाकडचं घर आठवलं. बाबा नेहमी सांगतात, की तेव्हा असली तपासणी-बिपासणी कुणी करत नव्हतं, सगळं शब्दावर चालायचं. पण बाबांच्याच गोष्टींत आजोबा काय करताना दिसतात? पाया खणताना ते उभे आहेत. दगड कुठल्या खाणीतला ते त्यांना माहीत आहे. गवंडी गावातलाच, त्याने बांधलेली इतर चार घरं रोज डोळ्यांसमोर आहेत. आजी आणि आत्या बांधकामावर पाणी मारताहेत. तो गवंडी चुकार निघाला असता तर त्याला त्याच गावात, त्याच पारावर तोंड दाखवायचं होतं. आजोबांच्या विश्वासाच्या खाली भरपूर बघणं होतं. त्या बघण्याला कुणी तपासणी म्हणत नव्हतं, इतकंच.

माझ्यापुढच्या फ्लॅटमध्ये मला काय दिसत होतं? रंग, फॉल्स सीलिंग, टाइल्स आणि ओळखीची माणसं. बांधणारा कोण, तो आता कुठे आहे, मला पत्ता नाही. आजोबांचं बघणं वजा करून त्यांचा विश्वास मात्र मी तसाच्या तसा उचलणार, हे काही परंपरा पाळणं नव्हे.

*

एक आक्षेप मात्र मला बराच काळ टोचत राहिला. तपासणीचा रिपोर्ट हा पुष्कळदा भाव पाडायचं हत्यार म्हणून वापरला जातो. माणूस घरभर फिरवायचा, चार भेगांचे फोटो काढायचे आणि घाबरवून पाच लाख कमी करून घ्यायचे. विकणाऱ्याला राग येतो तो यामुळेही, आणि तो रास्त आहे.

पण न तपासण्याचाही कुणाला तरी फटका बसतोच. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचा १९७० सालचा एक प्रसिद्ध लेख आहे, जुन्या गाड्यांच्या बाजाराविषयीचा. पुढे २००१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याचा मुद्दा साधा आहे. गाडी चांगली की भंगार हे फक्त विकणाऱ्याला माहीत असतं. घेणाऱ्याला कळायला मार्ग नाही, म्हणून तो सगळ्याच गाड्यांना मधलाच भाव देतो. मग ज्याने गाडी जीव लावून वापरली त्याला तो भाव परवडत नाही आणि तो बाजारातून उठतो. मागे भंगार उरतं. घरांचंही काही प्रमाणात असंच होतं. एकाने दर चार वर्षांनी वॉटरप्रूफिंग करून घेतलं, दुसऱ्याने विकायच्या आधी नुसता रंग मारला, आणि दोघांना चौरस फुटाचा दर तोच. कुणी आत डोकावतच नाही म्हटल्यावर नीट राखणारा मूर्ख ठरतो. घर खरोखर राखणाऱ्या माणसाला तपासणीने घाबरायचं कारण नाही, उलट त्याची मेहनत पहिल्यांदा कुणाच्या तरी नजरेत येते.

कायदा काय म्हणतो तेही मी शोधलं. नव्या घराला रेराचं संरक्षण आहे. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने तो पदरच्या खर्चाने दुरुस्त करायचा. सत्तावीस वर्षांच्या घराला त्याचा उपयोग नाही. तिथे १८८२ सालचा मालमत्ता हस्तांतरण कायदा आहे. त्याचं ५५वं कलम सांगतं, की विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडला नसता असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. या कलमात दोघांच्याही पदरात काहीतरी आहे. विकणाऱ्याने बोलायचं आहे आणि घेणाऱ्याने साधारण काळजी घ्यायची आहे. १८८२ मध्ये साधारण काळजी म्हणजे डोळे उघडे ठेवून चक्कर मारणं असेल. आज ओल मोजायचं यंत्र शर्टाच्या खिशात मावतं. मग आजची साधारण काळजी कुठपर्यंत?

*

शेवटी मी काकांना भेटले आणि जे होतं ते बोलले. म्हटलं, "काका, तुमच्यावर शंका नाही. पण यात बाबांचे पैसे आहेत, उद्या आई-बाबा इथे येऊन राहतील. मी नीट बघितलं नाही तर मलाच झोप लागणार नाही. रिपोर्ट येईल तो आधी तुम्हाला देईन. त्यावरून घासाघीस करणार नाही. दुरुस्ती निघाली तर तेवढ्याचंच बोलू."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बोलाव." काकू आत निघून गेल्या.

रविवारी सकाळी इंजिनीअर आला, बरोबर शिडी धरायला एक मुलगा. वास्तुवाल्यांना मिळालेले पोहे याला मिळाले नाहीत, पाणी मिळालं. त्याने एकेका फरशीवर दांडा ठोकून आवाज ऐकला. पोकळ आवाज आला तिथे खडूने फुली मारली. प्रत्येक सॉकेटमध्ये टेस्टर घातला. किचनच्या एका पॉइंटला अर्थिंग नव्हतं. बाथरूममध्ये बादली ओतून पाणी कुठे वाहतं ते बघितलं. हॉलची बाहेरची भिंत कोरडी निघाली, तेव्हा काका सहज बोलल्यासारखं म्हणाले, "ती मी दर दोन-तीन वर्षांनी बघून घेतो," आणि इंजिनीअरने मान डोलावली. मला अकरलॉफ आठवला.

मोठ्या बेडरूममध्ये तो जरा जास्त वेळ थांबला. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात त्याचा मीटर चढत होता. थर्मल कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिथे गार डाग दिसत होता, बाहेरून स्वच्छ क्रीम रंग. वर काय आहे, त्याने विचारलं. वरच्यांचं बाथरूम. फॉल्स सीलिंग कधी केलं? सहा-सात वर्षांपूर्वी, काका म्हणाले. इंजिनीअरने एक लाइट खाली काढला, त्या भोकातून वायरीच्या टोकाचा बारीक कॅमेरा आत घातला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली.

स्लॅबचं प्लास्टर दोन-अडीच फुटांच्या पट्ट्यात गळून पडलेलं होतं. ते सीलिंगच्या वरच पडून राहिलं होतं. वर सळया उघड्या, तपकिरी, पापुद्रे सुटलेल्या. इंजिनीअरने शांतपणे समजावून सांगितलं. सळई गंजते तेव्हा गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. ती आतून फुगते आणि भोवतालचं काँक्रीट फोडते. भेग पडली की आणखी पाणी आत जातं. म्हणजे गंजच गंज वाढवत नेतो. लगेच घाबरायचं कारण नाही, पण हे असंच झाकून ठेवायचं नाही.

पलंग त्याच्या बरोबर खाली होता.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. त्या काकांना म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते, वरून माती पडल्यासारखा आवाज येतो?"

*

काकांनी फसवलं का? मी हा प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःला विचारला. सात वर्षांपूर्वी छतावर डाग आला होता. वरच्यांशी भांडण झालं, वरचे म्हणाले पाइप सोसायटीचा, सोसायटी म्हणाली बाथरूम तुमचं. कंटाळून काकांनी फॉल्स सीलिंग करून घेतलं. डाग दिसेनासा झाला, मग तो विचारांतूनही गेला. मला सांगायचं त्यांनी मुद्दाम टाळलं असं मला वाटत नाही. ते स्वतः सात वर्षं त्याखाली झोपत होते. क्लिफर्डच्या जहाजमालकात आणि काकांमध्ये एक मोठा फरक आहे: मालक स्वतः जहाजावर नव्हता. काका सहकुटुंब जहाजावर होते.

म्हणून मला आता वाटतं, की स्वतःला फसवणं आणि दुसऱ्याला फसवणं यांच्यातली भिंत आपण समजतो तेवढी जाड नसते. काकांनी सीलिंग केलं तेव्हा ते कुणालाच फसवत नव्हते. घर विकायला काढलं त्या दिवशी, त्यांच्याही नकळत, त्याच सीलिंगचा अर्थ बदलला. मी न तपासता घेतलं असतं, तर मीही ते सीलिंग तसंच ठेवलं असतं आणि दहा वर्षांनी कुणाला तरी निरागसपणे विकलं असतं.

मला अपेक्षित नव्हता तो प्रश्न यापुढे आला. रिपोर्टची पीडीएफ मी काकांना पाठवली. रात्री त्यांचा फोन आला. "तू घे किंवा नको घेऊस, पण सोसायटीत एवढ्यात काही बोलू नकोस. बिल्डिंगचं नाव खराब होईल. सगळ्यांचेच भाव पडतील."

बाबांचंही मत तोवर फिरलं होतं. माणसं बघून घर घ्यायला सांगणारे बाबा आता म्हणत होते, "दहा लाख कमी करा म्हण. आता ते नाही म्हणू शकत नाहीत." इंजिनीअरने दुरुस्तीचा अंदाज दीड ते दोन लाख दिला होता. मी बाबांना म्हटलं, दोन लाखांच्या गंजाचे दहा लाख घ्यायचे तर वरचे आठ लाख कशाचे? काकांच्या घाबरण्याचे? बाबा काही बोलले नाहीत, पण तो विषय परत काढला नाही.

काकांच्या विनंतीचं मात्र काय करायचं? रिपोर्ट माझ्या पैशांनी झालेला. मी घर घेणार नसेन, तर ते कागद माझ्या लॅपटॉपमध्ये पडून राहिले असते आणि मला कुणी जाब विचारला नसता. तपासायच्या आधी मला वाटत होतं, की जाणून घेणं हा घेणाऱ्याचा हक्क आहे. हक्क वापरायचा की नाही ते आपल्या हातात असतं. पण एकदा ती सळई बघितल्यावर, ती बघितली नव्हती असं मला वागता येईना. तो स्लॅब वरच्यांची जमीन होता. वरच्यांकडे दोन लहान मुलं आहेत. गळतं पाणी आणखी कुठे उतरत असेल ते कुणाला माहीत नव्हतं. ऑगस्ट २०२० मध्ये महाडला पाच मजली इमारत कोसळून १६ माणसं गेली, आणि ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. हे घर काही कोसळायला टेकलेलं नव्हतं, इंजिनीअरने तसं स्पष्ट सांगितलं होतं. पण 'इतक्यात काही होत नाही' हे वाक्य कुठल्या दिवसापर्यंत खरं असतं, ते त्या दिवसाआधी कुणाला कळत नाही.

मी काकांना म्हटलं, की मी स्वतः सोसायटीत जाणार नाही, कारण घर तुमचं आहे आणि हे बोलायचा पहिला मान तुमचा. पण आठ दिवसांत तुम्ही सेक्रेटरींना रिपोर्ट दिला नाहीत तर मी देईन. हे बोलताना माझा आवाज थरथरत होता. ज्यांनी मला खांद्यावर घेतलं त्यांना मी मुदत घालत होते. बरोबर केलं असं तेव्हाही वाटत होतं, पण त्याने ते सोपं झालं नाही.

काका सहाव्या दिवशी गेले. तिथे कळलं, की आदर्श उपविधींनुसार पंधरा वर्षांवरच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं, आणि या इमारतीचं ते एकदाही झालेलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, आधीच्या कमिटीने केलं असेल. सर्वसाधारण सभेत भांडणं झाली. भाव पडणार म्हणून दोघांनी काकांना दोष दिला, मलाही दिला, नाव न घेता. शेवटी ऑडिट मंजूर झालं. आणखी दोन घरांत तसंच आढळलं.

तपासणीने मला खात्री दिली का? नाही. रिपोर्टच्या शेवटच्या पानावर काय काय बघितलेलं नाही याची लांबलचक यादी आहे: फरशीखालचं, भिंतीतल्या पाइपांचं, बाहेरच्या ड्रेनेजचं. उद्या तिथूनही काही निघेल. पण तेव्हा मी आई-बाबांना तोंड वर करून सांगू शकेन, की जे बघता येण्यासारखं होतं ते मी बघितलं होतं. याहून जास्त खात्री कुठल्याच घरात मिळत नसावी. आणि याहून कमीवर दुसऱ्याचे बारा लाख आणि दुसऱ्याची झोप पणाला लावायचा मला अधिकार नव्हता.

काकूंचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. फोनवर त्या "हं, बोल" एवढंच म्हणतात. पण त्या दिवसापासून त्यांनी पलंग दुसऱ्या खोलीत हलवला आहे. बंगळुरूला जाणं चार महिने लांबलं.

मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. वरच्यांचं बाथरूम फोडून नवं वॉटरप्रूफिंग झालं, सळया घासून, गंज काढून, वरून नवं काँक्रीट भरून झालं. फॉल्स सीलिंग परत लावलेलं नाही, छत उघडंच ठेवलंय.

"येऊन बघून जा," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि येताना तुझ्या त्या माणसालाही घेऊन ये. काकू पोहे करेल म्हणतेय."